सोनोग्राफीत गाठ नाही, मग ग्रंथी का काढायची? डीएसडीच्या तपासण्यांचं परीक्षण

‘दोन्ही अंडाशय दिसले नाहीत. पोटात गाठ नाही.’ डीएसडीच्या, म्हणजे लैंगिक विकासातल्या फरकांच्या, फायलीत ही दोन वाक्यं हमखास एकाखाली एक सापडतात आणि घरचे लोक दुसऱ्या वाक्यावर निर्धास्त होतात. खरी बातमी पहिल्या वाक्यात आहे. ज्या ग्रंथीची काळजी आहे ती दिसलेलीच नाही, मग तिच्यात गाठ नाही हे कशावरून? रिपोर्ट खोटा नसतो. यंत्राच्या आवाक्यात काय येतं आणि काय येत नाही, एवढं कुणी समजावून सांगितलेलं नसतं.

डीएसडी असलेल्या मुलामुलींच्या जननग्रंथींत गाठ आहे का, पुढे होऊ शकते का, हे ठरवायला मोठ्या रुग्णालयांत एक ठरलेला तपासणी-संच मिळतो. कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी), फिश (गुणसूत्राचा ठरावीक भाग चकाकत्या ठिपक्याने शोधणं), हार्मोन, सोनोग्राफी, एमआरआय, ट्यूमर मार्कर (गाठीची खूण देणारे रक्तातले पदार्थ), दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि शेवटी पॅथॉलॉजी. त्यातला एकेक टप्पा इथे तोलून पाहिला आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. सर्वाधिक गुण पॅथॉलॉजीला, पण काढलेली सगळी ऊती तपासली असेल आणि इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे ऊतीतली ठरावीक प्रथिनं रंगवून पाहणं, केली असेल तरच. खालोखाल नीट मोजलेला कॅरिओटाइप. सोनोग्राफी मधल्या फळीत. ट्यूमर मार्कर तळाला, आणि तरीही सगळ्यात जास्त वेळा लिहून दिले जातात तेच.

(डीएसडी हे नाव २००६ सालच्या शिकागो सहमती-निवेदनातून आलं. त्यातला ‘डिसऑर्डर’ अनेकांना खुपतो, म्हणून आता पुष्कळ जण त्या जागी ‘डिफरन्सेस’ म्हणतात. इथेही ‘फरक’च म्हटलं आहे.)

संच वापरण्याआधी एक प्रश्न सुटायला हवा: हा डीएसडी नेमका कोणता? धोका सगळ्यांना सारखा नसतो. ४६,एक्सएक्स गुणसूत्रं असलेल्या आणि जन्मजात अॅड्रिनल हायपरप्लेझिया, म्हणजे सीएएच (अॅड्रिनल ग्रंथीच्या हार्मोननिर्मितीतला दोष), असलेल्या मुलीचे अंडाशय हे साधे अंडाशय असतात. गाठीच्या भीतीने त्यांना हात लावायचं कारण नाही. पेच उभा राहतो तो वाय गुणसूत्र किंवा त्याचा तुकडा असेल आणि ग्रंथी नीट घडलेली नसेल तेव्हा. २००६च्या त्याच निवेदनात धोक्याचा एक तक्ता आहे. वाय असलेली, नीट न घडलेली ग्रंथी पोटात असेल तर १५ ते ३५ टक्के. फ्रेझिअर सिंड्रोममध्ये ६०, डेनिस-ड्रॅशमध्ये ४० (दोन्हींत मूत्रपिंडालाही दोष असतो, ते पुढे येईल). अँड्रोजेन असंवेदनशीलता (शरीर पुरुषी हार्मोनला दाद देत नाही) अर्धवट असेल आणि वृषणं कोशात उतरलेली नसतील तर ५०, तीच असंवेदनशीलता पूर्ण असेल तर अवघे २. वाय असलेल्या टर्नर सिंड्रोममध्ये १२, ओव्होटेस्टिक्युलर प्रकारात (अंडाशय आणि वृषण दोन्हींची ऊती) ३. हे आकडे घोकायचे नाहीत. त्यातले काही अगदी मोजक्या रुग्णांवर उभे आहेत, आणि गाठीच्या आधीची अवस्थाही बऱ्याच ठिकाणी गाठीतच मोजली आहे. तरी क्रम उपयोगी पडतो. ‘पूर्ण असंवेदनशीलता’ आणि ‘अर्धवट असंवेदनशीलता’ यांच्यात एकाच शब्दाचा फरक आहे आणि धोका कुठल्या कुठे जातो. म्हणून फायलीवर नुसतं ‘एक्सवाय डीएसडी’ लिहून शस्त्रक्रियेची तारीख देणारी सेवा कच्ची समजावी.

हे असं का होतं, तेही थोडक्यात. गर्भावस्थेतल्या बीजपेशींमध्ये ओसीटी३/४ नावाचं प्रथिन असतं, पेशीला बाल्यावस्थेत ठेवणारं. आजूबाजूच्या आधारपेशी नीट वृषणाच्या किंवा नीट अंडाशयाच्या घडल्या, की बीजपेशी पक्व होतात आणि ते प्रथिन जातं. आधारपेशीच अर्धवट राहिल्या तर बीजपेशी अडकून पडतात. त्यात वायच्या सेंट्रोमिअरजवळचा, म्हणजे गुणसूत्राच्या कंबरेजवळचा, एक भाग सोबत असेल तर त्या वाढतच राहतात. डेव्हिड पेज यांनी १९८७मध्ये या भागाची कल्पना मांडली. त्याला जीबीवाय म्हणतात आणि त्यातलं टीएसपीवाय हे जनुक मुख्य संशयित आहे. आधारपेशी वृषणाच्या वळणाच्या असतील तर या अडकलेल्या पेशींतून जीसीएनआयएस ही कर्करोगपूर्व अवस्था तयार होते, तसं वळण नसेल तर गोनॅडोब्लास्टोमा. पुढे पहिलीतून सेमिनोमा हा कर्करोग होतो, दुसऱ्यातून डिसजर्मिनोमा. नावं वेगळी, जात एकच.

आता कॅरिओटाइप. इथली पहिली चूक नळीत होते. गुणसूत्रं पाहायला जिवंत पेशी लागतात, त्यामुळे रक्त सोडियम हेपॅरिनच्या हिरव्या टोपणाच्या नळीत घ्यायचं. जांभळ्या टोपणाची ईडीटीएची नळी डीएनएसाठी. दोन्ही तपासण्या एकदम लिहिल्या की नळ्यांची अदलाबदल होते, आणि आठवडाभराने ‘कल्चर वाढलं नाही’ असा निरोप येतो. तान्ह्या बाळाचं एक-दोन मिलिलिटर रक्त पुरतं. नळी गोठवायची नाही, बर्फाला चिकटवायची नाही, नेहमीच्या तापमानाला ठेवून लवकरात लवकर पोचवायची. लिम्फोसाइट वाढवायला ७२ तासांच्या आसपास लागतात, म्हणून उद्या रिपोर्ट मागू नये.

दुसरी चूक मोजणीत. बहुतेक प्रयोगशाळा सवयीने २० पेशी मोजतात. २० पेशींत एकच रांग, म्हणजे एकाच गुणसूत्ररचनेच्या पेशी, दिसली, तर १४ टक्के किंवा त्याहून जास्त प्रमाणातली दुसरी रांग नाही एवढंच ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. ३० पेशी मोजल्या तर ही मर्यादा १० टक्क्यांवर येते, ५० मोजल्या तर साधारण ६ वर. ४५,एक्स/४६,एक्सवाय अशा मिश्र (मोझेइक) रचनेत वायची रांग रक्तात अल्प असू शकते आणि ग्रंथीत भरपूर. म्हणून डीएसडीच्या मागणीपत्रावर ‘मोझेइकचा संशय, किमान ५० पेशी मोजाव्यात’ असं लिहिलेलं असावं. लिहिलं तर प्रयोगशाळा मोजते. लिहिलं नाही तर २०वर थांबते, आणि तिचंही चुकत नाही. रिपोर्ट हातात आल्यावर निष्कर्षाआधी किती पेशी मोजल्या तो आकडा पाहावा. तो छापलेला नसेल तर फोन करून विचारावा.

तिसरी चूक जास्त चोरटी. कॅरिओटाइपमध्ये एखादं ओळख न पटणारं छोटं गुणसूत्र दिसतं, रिपोर्टात त्याला ‘मार्कर’ म्हणतात. मग वाय आहे का हे पाहायला एसआरवाय या जनुकाची पीसीआर करतात, ती निगेटिव्ह येते आणि ‘वाय नाही’ असं जाहीर होतं. एसआरवाय वायच्या आखूड भुजेच्या टोकाशी बसतं. गाठीचा धोका देणारा भाग आहे सेंट्रोमिअरजवळ. टोक तुटलेला वाय, वर्तुळाकार वाय किंवा नुसता मधला तुकडा एसआरवाय नसतानाही धोका घेऊन येऊ शकतो. म्हणून वायच्या सेंट्रोमिअरचा प्रोब आणि टीएसपीवाय यांच्याशिवाय ‘वाय नाही’ हे वाक्य अर्धवट आहे. फिशमध्ये २०० केंद्रकं मोजली की दीड टक्क्यापर्यंतची रांगही सापडू शकते. मात्र अशा कमी प्रमाणात खोटे ठिपकेही दिसतात. प्रयोगशाळेने स्वतःची खालची मर्यादा ठरवलेली आहे का, हे विचारण्याजोगं आहे. रक्तात काही मिळालं नाही आणि संशय जात नसेल तर गालाच्या आतल्या पेशी किंवा लघवीतल्या पेशी तपासता येतात. मागणीपत्र नीट भरलं असेल तर हा टप्पा दहापैकी आठचा. न भरता पाठवलं तर चारचा.

हार्मोनच्या तपासण्या ग्रंथी काम करते का ते सांगतात, गाठीबद्दल फारसं नाही. एएमएच आणि इनहिबिन बी ही वृषणाच्या आधारपेशींची हार्मोनं मोजता आली तर वृषणाची ऊती कुठेतरी आहे एवढं कळतं. एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवावा. पूर्ण गोनॅडल डिसजेनेसिस, म्हणजे स्वायर सिंड्रोम, असलेल्या मुलीची ग्रंथी इस्ट्रोजेन बनवत नाही, म्हणून औषधाशिवाय स्तनांची वाढ होत नाही. अशा मुलीला इस्ट्रोजेन सुरू न करताच स्तन वाढू लागले, किंवा एकाएकी आवाज घोगरा झाला, तर ‘चला, वयात येतेय’ म्हणून आनंद मानायचा नाही. गोनॅडोब्लास्टोमा हार्मोन बनवू शकतो. तपासणी तातडीने हवी.

सोनोग्राफी. स्ट्रीक गोनॅड म्हणजे अंडाशयाच्या जागी, गर्भनलिकेला समांतर पडलेली पांढरट पट्टी. काही मिलिमीटर जाड, दोन-तीन सेंटिमीटर लांब, आत फॉलिकल नाहीत, भोवती आतड्यांची हालचाल. सोनोग्राफीला ती न दिसणं हेच स्वाभाविक. दिसली आणि तिच्यात मागे सावली टाकणारे चकाकते ठिपके असतील तर तो कॅल्शियमचा साठा. गोनॅडोब्लास्टोमात तो वारंवार असतो, कधी साध्या एक्स-रेतही उमटतो. तेव्हा ‘ठिपका आहे’ या बातमीला वजन आहे, ‘काही नाही’ या बातमीला जवळजवळ नाही.

तरी सोनोग्राफी करावी, आणि नीट करून घ्यावी. मूत्राशय भरलेलं हवं. पोट झाल्यावर जास्त फ्रिक्वेन्सीचा सरळ प्रोब घेऊन दोन्ही जांघा, लेबियाचा भाग आणि वृषणकोश तपासायला हवेत, कारण असंवेदनशीलतेतली वृषणं पुष्कळदा तिथेच असतात. मुलीला दोन्ही बाजूंचा हर्निया असेल तर हा भाग कुणी वगळू नये. गर्भाशयाबाबतही घोळ होतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आईच्या इस्ट्रोजेनमुळे बाळाचं गर्भाशय ठळक दिसतं, नंतर ते आक्रसतं. स्वायर असलेल्या किशोरीत ते इतकं बारीक असतं की ‘गर्भाशय नाही’ असं लिहून येतं, आणि सहा-आठ महिने इस्ट्रोजेन घेतल्यावर तेच गर्भाशय ‘सापडतं’. या एका वाक्यावरून कुणाला तू कधीच गर्भवती होणार नाहीस असं सांगितलं गेलं असेल तर फार मोठं नुकसान झालेलं असतं. स्वायरमध्ये गर्भाशय असतं, आणि दात्या स्त्रीच्या बीजापासून गर्भधारणा शक्य असते.

वृषणं कोशात असतील तर मात्र सोनोग्राफी मोलाची. तिथे एखादा वेगळा काळसर भाग दिसला तर लगेच पुढची पायरी. एका चित्रात पाच किंवा जास्त बारीक चकाकते कण दिसणं म्हणजे मायक्रोलिथिअॅसिस. एरवीच्या निरोगी माणसात त्याकडे दुर्लक्ष चालतं, डीएसडीत चालत नाही.

एमआरआयची जाहिरात तिच्या कामापेक्षा मोठी आहे. गर्भाशय, योनिमार्ग, पोटातलं वृषण शोधायला ती बरी. टी२ चित्रांत वृषण उजळ दिसतं आणि भोवती गडद कडा असते, स्ट्रीक काळपट दिसते. काप तीन मिलिमीटरच्या आसपास हवेत, तिन्ही दिशांनी टी२ हवा, चरबी दाबलेली मालिका आणि डिफ्यूजन हवं. नेहमीच्या पोटाच्या प्रोटोकॉलमधले जाड काप इथे निरुपयोगी. बाळाला झोपेचं औषध द्यावं लागतं, तेही हिशोबात धरावं. आणि एक कटू सत्य: जीसीएनआयएस किंवा नुकताच सुरू झालेला गोनॅडोब्लास्टोमा एमआरआयलाही दिसत नाही. तो पेशींच्या पातळीवरचा मामला आहे. ‘एमआरआय नॉर्मल, म्हणून थांबू’ असं म्हणणाऱ्याने हे आधी कबूल करावं, मग थांबावं.

ट्यूमर मार्करवर जास्त शब्द खर्च करण्यासारखं नाही. एएफपी योक सॅक ट्यूमरमध्ये वाढतं, बीटा-एचसीजी कोरिओकार्सिनोमात, एलडीएच डिसजर्मिनोमात. शुद्ध डिसजर्मिनोमात एएफपी नॉर्मल असतं, एचसीजी थोडं वाढलं तर वाढलं. गोनॅडोब्लास्टोमा आणि जीसीएनआयएसमध्ये सगळेच नॉर्मल. म्हणजे जी गोष्ट शोधायची आहे तिथे हे मार्कर गप्प. वर तान्ह्या बाळात एएफपी स्वभावतःच दहा-हजारांच्या घरात असतं आणि उतरायला वर्षाच्या आसपास लागतं. मोठ्यांच्या नॉर्मल मर्यादेशेजारी ते छापलं की रिपोर्टात लाल बाण येतो आणि घरात रडारड. बाळाचा आकडा बाळाच्या वयाच्या तक्त्याशीच ताडावा. मार्करचं खरं काम गाठ सापडल्यावर सुरू होतं. शस्त्रक्रियेआधीचा आकडा असेल तर नंतरचा उतार मोजता येतो. एएफपी साधारण ५ ते ७ दिवसांत निम्मं होतं, एचसीजी दीड दिवसात. त्या वेगाने उतरलं नाही तर काहीतरी मागे राहिलं आहे. छाननीसाठी दहापैकी दोन, पाठपुराव्यासाठी आठ.

वाय असलेल्या आणि नीट न घडलेल्या ग्रंथीचा निदान-निश्चय झाला, की दुर्बिणीची शस्त्रक्रिया येते. शस्त्रक्रियेआधी एक क्षुल्लक वाटणारी तपासणी झालीच पाहिजे: लघवीतलं प्रथिन, साध्या पट्टीवर. एक्सवाय मुलीत प्रथिन सापडलं तर डब्ल्यूटी१ जनुकाचा दोष डोक्यात यायला हवा. त्या जनुकाच्या नवव्या इंट्रॉनमधला बदल फ्रेझिअर सिंड्रोम देतो. त्यात मूत्रपिंड हळूहळू निकामी होतं आणि गोनॅडोब्लास्टोमाचा धोका सगळ्यात वरचा असतो. डेनिस-ड्रॅशमध्ये विल्म्स ट्यूमरही होतो, म्हणून मूत्रपिंडांची सोनोग्राफी दर तीन महिन्यांनी लागते. ही पट्टी न वापरता थेट भूल देणाऱ्या सेवेचे गुण आम्ही कापतो.

शस्त्रक्रियेत नाभीतून ५ मिलिमीटरचा कॅमेरा, दोन हत्यारं, बाळात गॅसचा दाब पाऱ्याच्या ८ ते १० मिलिमीटर, मोठ्या मुलीत १२च्या आसपास. सर्जनची कसोटी एका जागी लागते. स्ट्रीकची ऊती गर्भनलिकेच्या पडद्यात पसरलेली असते, तिची कड डोळ्याला कळत नाही. नुसती पट्टी सोलून काढली तर बारीक अवशेष मागे राहतात आणि त्यातून वर्षांनी गाठ येऊ शकते. म्हणून बऱ्याच ठिकाणी त्या बाजूची नलिकाही सोबत काढतात. गर्भाशय जागेवरच ठेवायचं. रक्तवाहिन्यांचा जुडगा बांधण्याआधी मूत्रवाहिनी कुठून जाते ते डोळ्यांनी पाहायचं. काढलेली ऊती पिशवीत घालून बाहेर, पोटात तुकडे करायचे नाहीत. पोटातलं पाणी तपासणीला घ्यायचं. एका बाजूला गोनॅडोब्लास्टोमा दिसला तर दुसरी बाजू ‘बरी दिसते’ म्हणून ठेवणं चुकीचं, कारण तो बऱ्याचदा दोन्हीकडे असतो. दुसरी बरी दिसणारी ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली बरी निघेलच असं नाही.

शस्त्रक्रिया चालू असतानाच गोठवलेल्या तुकड्यावरून निकाल मागण्याची सवय इथे घातक. ग्रंथी मुळातच लहान, त्यातला चांगला भाग गोठवण्यात खराब होतो, आणि रोग ठिपक्याठिपक्यांनी असल्यामुळे नेमका तुकडा चुकतो. त्याऐवजी उजवी आणि डावी वेगळ्या डब्यांत, वरच्या टोकाला एक टाका, आकारमानाच्या निदान दहापट फॉर्मॅलिन. फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी एक छोटा कण निर्जंतुक माध्यमात ग्रंथीच्याच कॅरिओटाइपसाठी. फॉर्मॅलिनमध्ये गेलं की पेशी मेल्या, मग कल्चर नाही.

पॅथॉलॉजीत पहिला प्रश्न: सगळी ग्रंथी घेतली का? दोन-तीन मिलिमीटरचे काप करून सगळेच ब्लॉकमध्ये (मेणाच्या ठोकळ्यांत) जायला हवेत. रिपोर्टात ‘प्रातिनिधिक भाग तपासले’ असं दिसलं तर उरलेली ऊती डब्यात आहे तोवर ती घ्यायला सांगावं. गोनॅडोब्लास्टोमा सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येतो तो असा: गोल घरटी, त्यांत दोन प्रकारच्या पेशी. मोठ्या, पांढुरक्या, ठळक केंद्रकाच्या बीजपेशी, आणि त्यांच्याभोवती बारीक गडद आधारपेशी. मध्येमध्ये गुलाबी काचेसारखे गोळे, आणि त्यावर तुतीच्या फळासारखे कॅल्शियमचे खडे. रॉबर्ट स्कली यांनी १९५३मध्ये या गाठीचं वर्णन केलं, तेव्हापासून हे चित्र बदललेलं नाही. कधी घरटी विरून गेलेली असतात आणि नुसते खडे उरतात. तो जळून गेलेला गोनॅडोब्लास्टोमा असू शकतो, ‘कॅल्सिफिकेशन’ एवढ्यावर सोडायचा नाही.

चुका होतात त्या तान्ह्यांच्या तुकड्यांत. ओसीटी३/४ बाळाच्या निरोगी बीजपेशींतही पहिल्या वर्षात दिसू शकतं, आणि डीएसडीत पेशींची वाढ मंद असल्याने त्यानंतरही रेंगाळतं. ते पॉझिटिव्ह आलं म्हणून कर्करोगपूर्व अवस्था जाहीर करणं धोक्याचं, आणि ‘बाळ लहान आहे’ म्हणून सोडून देणंही तितकंच धोक्याचं. फरक पेशी कुठे बसली आहे त्यात शोधतात. विलंब असेल तर ओसीटी३/४च्या पेशी नलिकेच्या मध्याकडे, विखुरलेल्या. जीसीएनआयएस असेल तर त्या नलिकेच्या तळपटलाला टेकून, रांगेने. जोडीला केआयटीएलजी हा रंग लावला तर चित्र स्पष्ट होतं. विलंबात तो सहसा नसतो, रोगपूर्व अवस्थेत असतो. टीएसपीवाय, सॉक्स९ आणि फॉक्सएल२ लावले की आधारपेशी कोणत्या वळणाच्या आहेत तेही कळतं. पण हा सगळा खेळ बाळाचं नेमकं वय माहीत असेल तरच. मागणीपत्रावर वय महिन्यांत, कॅरिओटाइप, ग्रंथी कुठे होती, आतापर्यंत कोणते हार्मोन दिले, एवढं हवं. ‘गोनॅड, हिस्टोपॅथसाठी’ एवढ्या दोन शब्दांवर जगातला सर्वोत्तम पॅथॉलॉजिस्टही अंदाजच बांधेल.

उलटी चूकही होते, नसलेली गाठ सापडण्याची. पूर्ण असंवेदनशीलतेतल्या वृषणांत फिकट, गोल गाठोळ्या वारंवार असतात. अपक्व सर्टोली (आधारपेशींच्या) नलिका आणि मधल्या लायडिग (टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या) पेशींचे हॅमार्टोमा, किंवा निव्वळ नलिकांचा सर्टोली सेल अॅडिनोमा. दोन्ही निरुपद्रवी. दुसरा सापळा सीएएच असलेल्या मुलग्यांत. औषध अपुरं पडलं की वृषणाच्या मध्यभागी, बहुधा दोन्हीकडे, अॅड्रिनलसारख्या ऊतीच्या गाठी वाढतात. त्या लायडिग सेल ट्यूमर समजून वृषण काढल्याचे प्रकार वैद्यकीय लेखनात नोंदले गेले आहेत. दोन्ही बाजू, मध्यभाग आणि १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन वाढलेलं, असं त्रिकूट दिसलं तर आधी स्टेरॉइडची मात्रा तपासावी, चाकू नंतर.

ग्रंथी ठेवायची ठरली तर बायोप्सीवर किती विसंबायचं? एका कोपऱ्यातला तांदळाएवढा तुकडा सगळ्या ग्रंथीबद्दल बोलू शकत नाही. दोन्ही बाजूंचे, वरच्या-खालच्या टोकांचे तुकडे हवेत. ओव्होटेस्टिस असेल तर लांबीत खोल काप हवा, कारण तिथे अंडाशयाची आणि वृषणाची ऊती बऱ्याचदा टोकाटोकाला वेगळी बसलेली असते. वरवरच्या कापात एकच सापडते.

सेवेचा मानवी भाग असा तपासावा. ग्रंथी काढण्याच्या संमतीपत्राबरोबर हार्मोनचं वेळापत्रक लिहून मिळालं का? बाळपणी काढली असेल तर ११-१२व्या वर्षाच्या सुमारास अत्यल्प मात्रेतलं इस्ट्रोजेन सुरू होतं, त्वचेवरच्या पट्टीचा तुकडा कापून लावला तरी चालतो, आणि दोन-तीन वर्षांत ते मोठ्यांच्या मात्रेपर्यंत वाढवतात. गर्भाशय असेल तर पुढे प्रोजेस्टेरॉनही लागतं. पूर्ण असंवेदनशीलतेत गर्भाशय नाही, म्हणून नुसतं इस्ट्रोजेन. हे औषध मध्येच सोडलं तर हाडं झिजतात, त्यासाठी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी. बाह्य जननेंद्रियांच्या शस्त्रक्रियेचा विषय त्याच संमतीपत्रात गुंडाळलेला असेल तर दोन्ही वेगळे करायला सांगावं. एकाचा निर्णय गाठीच्या धोक्यावर ठरतो, दुसऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि त्या व्यक्तीला मोठं होऊन स्वतः ठरवू देण्याइतका वेळ बहुतेकदा असतो. मुलीला तिच्या वयाला कळेल अशा शब्दांत सांगायला माणूस आहे का, हेही विचारावं. ‘गाठ होती, काढली’ असं खोटं सांगितलेल्या मुली पुढे स्वतःची फाइल वाचतात.

पूर्ण असंवेदनशीलतेत वयात येईपर्यंत ग्रंथी ठेवण्याचा सल्ला आता सर्वमान्य आहे. तिचं टेस्टोस्टेरॉन शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतं आणि स्तन आपोआप वाढतात. मोठेपणी ठेवायची की काढायची, हा तिचा प्रश्न. ठेवणारीने वर्षातून एकदा सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घ्यावी. ती मोठी गाठ पकडते, सुरुवात नाही, हे माहीत असून. कोशात आणून बसवलेलं वृषण असलेल्या मुलाने वयात आल्यावर महिन्यातून एकदा, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर, अंगठा आणि दोन बोटांत ते फिरवून पाहावं. टणक खडा, आकारात बदल, जडपणा जाणवला तर त्याच आठवड्यात दाखवावं.

दुसरं मत घ्यायचं असेल तर रिपोर्टाची झेरॉक्स पुरत नाही. मूळ स्लाइड आणि ब्लॉक मागावेत. ब्लॉक देत नसतील तर चार्ज केलेल्या काचांवर न रंगवलेले दहा-बारा काप मागावेत, साध्या काचेवरचे काप इम्युनोच्या धुण्यात सुटून येतात. सोबत कॅरिओटाइपचा कागद आणि बायोप्सीच्या दिवशीचं वय जोडावं.